संगमावरची वकिलात

दोन राज्यांमधील संबंधांचा इतिहास वाचताना आपले लक्ष स्वभावतःच रणांगणाकडे वळते. खर्डा, हडपसर, खडकी ही नावे आपल्या जिभेवर असतात आणि त्यांच्या तिथीही पुष्कळांस पाठ असतात. परंतु ज्या व्यवहाराच्या अंती या लढाया उद्भवल्या किंवा टळल्या, तो व्यवहार वर्षानुवर्षे दिवाणखान्यातील बैठकींवर, खलित्यांच्या थैल्यांतून आणि जासुदांच्या जोड्यांमार्फत चालत असतो, आणि त्याची दखल इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच घेतली जाते. पुण्यास मुळा-मुठेच्या संगमावर ईस्ट इंडिया कंपनीची जी वकिलात होती, तिचा एकतीस वर्षांचा वृत्तांत असाच काहीसा उपेक्षित राहिला आहे. इ. स. १७८६ मध्ये तिची स्थापना झाली आणि १८१७ च्या नोव्हेंबरात ती जळून खाक झाली. या दोन टोकांच्या मध्ये मराठी राज्य बरोबरीच्या नात्यावरून मांडलिकीच्या पायरीवर कसे उतरले, याचा आलेख या एका वकिलातीच्या इतिहासात जितका स्पष्ट उमटला आहे, तितका तो कोणत्याही लढाईच्या वर्णनात उमटलेला नाही. राज्याचे स्वातंत्र्य त्याच्या फौजेत आणि खजिन्यात असते हे खरे. पण त्याहूनही सूक्ष्म असे त्याचे लक्षण म्हणजे परदरबारी आपला वकील पाठविण्याचा आणि परक्याचा वकील आपल्या मर्जीने ठेवून घेण्याचा अधिकार. तो अधिकार ज्या दिवशी गेला त्या दिवशी राज्य गेले, मग निशाण उतरावयास आणखी काही महिने का लागेनात.

आपल्याकडे दौत्यकर्माचा विचार अर्वाचीन नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात दूतांचे तीन प्रकार सांगितले आहेत: सर्व कार्याचा अधिकार देऊन पाठविलेला निसृष्टार्थ, मर्यादित कामापुरता अधिकार असलेला परिमितार्थ आणि केवळ पत्र पोहोचविणारा शासनहर. दूत अवध्य आहे हा दंडक तर रामायणातील बिभीषणाच्या तोंडून आपल्या घराघरांत पोहोचलेला आहे. मराठी राज्यात या जुन्या विचाराला अनुभवाची जोड मिळाली, आणि रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या आज्ञापत्रात तर टोपीकर सावकार हे इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, त्यांस समुद्रकिनारी वा खाडीमुखी ठाव देऊ नये, असा स्पष्ट इशारा दिलेला आहे. व्यापाऱ्याच्या वेषात राज्य येते ही गोष्ट ज्या मुत्सद्द्याला इतक्या लवकर उमगली, त्याच्या दूरदृष्टीविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही.

इंग्रजांचा आणि मराठ्यांचा औपचारिक दौत्यसंबंध रायगडावर जुळला. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या सुमारास, १६७४ च्या मे महिन्यात, मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन पाचाडास येऊन पोहोचला. नारायण शेणवी हा दुभाषी त्याच्या सोबतीस होता. महाराज तेव्हा भवानीच्या दर्शनास प्रतापगडी गेले असल्यामुळे त्याला गडाखाली खोळंबून राहावे लागले, आणि नंतर ६ जूनच्या समारंभात त्याने नजर करून महाराजांस मुजरा केला. इंग्रज प्रवासी फ्रायर याने या वकिलातीचा जो वृत्तांत लिहून ठेवला आहे, त्यात एक गोष्ट मोठी बोलकी आहे: गडावर बकऱ्याचे मांस पुरविणारा एक खाटीक, ज्या पाहुण्यांनी थोड्या दिवसांत आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या कित्येक वर्षांच्या खपाइतका माल फस्त केला ते आहेत तरी कसे, हे पाहण्यासाठी म्हातारपणी गड चढून आला. परंतु तहाच्या कलमांकडे पाहिले म्हणजे महाराजांच्या राजनीतीचे मर्म ध्यानात येते. व्यापाराची मोकळीक त्यांनी दिली, राजापूरच्या वखारीच्या नुकसानीबद्दल भरपाईही कबूल केली. पण फुटून किनाऱ्यास लागलेल्या जहाजांचा माल मूळ धन्यास परत मिळावा ही मागणी, कोकण किनाऱ्याच्या पूर्वापार रिवाजास सोडून आहे म्हणून, त्यांनी मान्य केली नाही. कोणते द्यावे आणि कोणते नाकारावे याचा निवाडा स्वतःकडे असणे, हेच बरोबरीच्या नात्याचे गमक.

पुढे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तेव्हा मुंबईकरांच्या पोटात भीतीचा गोळा उठला. त्यांनी एकाच वेळी दोन वकील रवाना केले: कप्तान इंचबर्ड वसईस चिमाजी आप्पांकडे गेला आणि कप्तान गॉर्डन शाहू छत्रपतींच्या भेटीस वर देशावर गेला. इंचबर्डने जुलै महिन्यात व्यापाराचा तह करून घेतला; गॉर्डनला मात्र त्याच्या वरिष्ठांनी दिलेल्या सूचनांत, छत्रपतींच्या दरबारात बाजीरावांचे वैरी कोण आहेत याचा शोध घेण्याचेही काम होते. नजराण्याच्या ताटाखाली हेरगिरीचा कागद ठेवण्याची ही पद्धत त्यानंतर कधीच सुटली नाही. १७६७ मध्ये टॉमस मोस्टिन थोरल्या माधवरावांच्या दरबारी आला, तेव्हा त्याने आपला सोबती ब्रोम यास नाशकास रघुनाथरावांकडे धाडले, ते चुलत्या-पुतण्यांमधील तेढ किती खोल गेली आहे हे अजमावण्यासाठी. तोच मोस्टिन १७७२ मध्ये पुन्हा आला आणि सुमारे दोन वर्षे पुण्यात राहिला. माधवरावांचा अंत, नारायणरावांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी झालेला खून आणि त्यानंतरचा बारभाईंचा डाव, हे सर्व त्याच्या डोळ्यांसमोर घडले, आणि त्याची बातमी वेळच्या वेळी मुंबईस पोहोचत गेली. १७७४ च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला आणि साष्टी बेट घेतले, तेव्हा पेशवाईचे घर आतून पोखरलेले आहे याची त्यांस पक्की खात्री होती. आणि ही खात्री त्यांना दुर्बिणीने मिळाली नव्हती, ती पुण्यातल्या बिऱ्हाडाने मिळवून दिली होती.

याचा अर्थ मराठे या विद्येत मागे होते असा मात्र कोणी करून घेऊ नये. हिंदुस्थानच्या भूमीपुरते बोलावयाचे तर पुण्याच्या दरबाराइतके दक्ष आणि विस्तीर्ण वकिलमंडळ त्या काळी दुसऱ्या कोणापाशी क्वचितच असेल. बाळाजी विश्वनाथांबरोबर दिल्लीस गेलेले नाशिकचे महादेवभट हिंगणे तेथेच वकील म्हणून राहिले, आणि पुढे बापूजी, दामोदर, पुरुषोत्तम, देवराव अशी त्यांची मुले त्याच कामात मुरली. बादशाही दरबारातील एकेका अमिराच्या मनःस्थितीचा अंदाज त्यांच्या पत्रांत आढळतो. निजामाच्या दरबारी गोविंदराव काळे यांनी नाना फडणिसांचे नेत्र होऊन काम केले, आणि कलकत्त्यास लाला सेवकराम हा पुणेकरांचा वकील कंपनीच्या कौन्सिलातील हालचालींवर नजर ठेवून होता. या वकिलांची पत्रे आपल्या सुदैवाने पुष्कळ प्रमाणात शिल्लक आहेत. ‘विनंति विज्ञापना’ हा शिरस्त्याचा मायना संपला, की लिहिणारा थेट मुद्द्यावर येतो: अमुक सरदार अमक्याच्या घरी रात्री जाऊन आला, सावकारांकडे हुंडी पटली नाही, फौजेचा पगार तटला आहे, दिवाणजींच्या बोलण्यात आज नरमाई दिसली, तिचे कारण कळून घेऊन मागाहून लिहितो. ऐकीव बातमी आणि पाहिलेली गोष्ट यांत भेद राखण्याची त्यांची शिस्त आजच्या बातमीदारालाही कित्ता म्हणून गिरविता यावी अशी आहे. त्यांची पत्रे जासुदांच्या जोड्या घेऊन जात. महत्त्वाचा मजकूर असला तर तो पत्रात न घालता जबानीवर सोपविला जाई.

सालबाईचा तह १७ मे १७८२ रोजी झाला तो महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने, आणि तह पाळला जाण्याची हमीही त्यांनीच घेतली. त्यामुळे इंग्रजांचा वकील अँडरसन महादजींच्या छावणीत राहिला आणि पेशव्यांशी होणारे बोलणेही त्याच वाटेने चालू लागले. नानांना हे सलणे स्वाभाविक होते, कारण राज्याचा धनी पुण्यात आणि त्याचा परराष्ट्रव्यवहार सरदाराच्या गोटात, ही व्यवस्था राज्याच्या इभ्रतीस शोभणारी नव्हती. मुंबईकरांनाही पुण्यास स्वतंत्र वकील हवाच होता. त्या कामी नेमलेला चार्ल्स वॉर मॅलेट हा महादजींची संमती मिळविण्यासाठी आधी उत्तरेत त्यांच्या छावणीपर्यंत जाऊन आला, आणि मग मार्च १७८६ मध्ये पुण्यास दाखल झाला. येथे थोडा विचार करण्यासारखा आहे. मॅलेटचे येणे नानांना मनातून हवे होते. पुणे दरबारचे महत्त्व महादजींच्या छावणीपेक्षा मोठे आहे हे त्याच्या येण्याने सिद्ध होणार होते. अंतर्गत स्पर्धेत वरचढ ठरण्यासाठी परक्याच्या उपस्थितीचा उपयोग करावा, हा मोह नानांसारख्या सावध मुत्सद्द्यालाही आवरला नाही. त्यांच्या हयातीत त्याचे दुष्परिणाम दिसले नाहीत, ते दिसावयास पुढचे धनी यावे लागले.

मॅलेटला संगमावर जागा मिळाली आणि तेथे हळूहळू बंगले, कचेरी, तबेले आणि बाग अशी एक लहानशी वसाहतच उभी राहिली. शहरापासून थोडी अलग, पण शनिवारवाड्यापासून घोड्याच्या एका रपेटीवर, अशी ती जागा वकिलाच्या कामाला सर्वस्वी अनुकूल होती. तेथील रोजचा व्यवहार ठराविक होता. दरबाराशी बोलणे प्रत्यक्ष पेशव्यांशी क्वचित होई. नानांच्या वतीने बहिरो रघुनाथ मेहेंदळे मध्ये असत, आणि कलमाकलमांवरची घासाघीस त्यांच्यामार्फत चाले. मुनशी फारसी खलित्यांचा मसुदा करीत, अखबारनवीस निरनिराळ्या सरदारांच्या गोटांतून बातमी आणीत, आणि तीवरून मॅलेट कलकत्त्यास आणि मुंबईस लांबलचक पत्रे लिही. सण, लग्नकार्य, दसऱ्याची स्वारी यांना वकिलास निमंत्रण असे. पोशाख, शिरपेच, अत्तर-गुलाब आणि पानविडा यांचा मान कोणास किती, याचे नियम काटेकोर असत, कारण बसण्याची जागा एक हात पुढे सरकली तरी राज्याचा दर्जा सरकला असे दोन्ही पक्ष मानीत.

या वकिलातीचा उत्कर्षकाळ म्हणजे १७९० साल. टिपूविरुद्ध इंग्रज, निजाम आणि पेशवे यांच्यात जो तह झाला, त्यावर पुण्यास १ जून रोजी सह्या झाल्या. इंग्रजांना तेव्हा मराठ्यांची गरज होती. गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिसचा सगळा बेत मराठी फौज मिळण्यावर अवलंबून होता, आणि म्हणूनच नानांनी कलमांवर महिनेच्या महिने घेतले. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा पुढे श्रीरंगपट्टणापर्यंत गेल्या व जिंकलेल्या मुलखाचा वाटा पेशव्यांस मिळाला. या तहाच्या प्रसंगाचे मोठे तैलचित्र टॉमस डॅनियल या चिताऱ्याने पुढे विलायतेत रंगविले. त्याला आधार होता तो जेम्स वेल्स या चित्रकाराने पुण्यात राहून काढलेल्या रेखाटनांचा. शनिवारवाड्यातील तो दरबार, गादीवर बसलेले अवघ्या सोळा वर्षांचे सवाई माधवराव, जवळ नाना, आणि राज्याच्या मानकऱ्यांमध्ये बसलेला इंग्रज वकील, असा तो देखावा आहे. वाडा १८२८ च्या आगीत भस्मसात झाल्यामुळे त्याच्या अंतरंगाची कल्पना देणारे साधन म्हणून या चित्राचे मोल आज फार मोठे आहे. चित्रातील इंग्रज अजून परक्या दरबारातला पाहुणा दिसतो, आणि त्या वर्षी तो खरोखर तसाच होता.

वकिलातीच्या कार्याला राजकारणाखेरीज आणखीही एक अंग असते, आणि संगमावरच्या वकिलातीत ते विशेष फुलले. मॅलेटला आणि वेल्सला वेरूळ-कार्ल्याच्या लेण्यांचे वेड होते, आणि त्या कामात त्यांना गंगाराम तांबट या पुणेकर कारागिराचा हात लाभला. गंगारामने वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली, आणि नोव्हेंबर १७९० मध्ये पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे चित्र काढले. त्याच्या हातची चित्रे आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात जतन केलेली आहेत. शनिवारवाड्यात चित्रकलेची एक शाळाही या मंडळींच्या प्रेरणेने काही काळ चालली. आपल्या कारागिराचे कसब आणि परक्याची पद्धत यांचा असा निकोप मेळ फार थोड्या ठिकाणी बसला असेल.

याहूनही विलक्षण गोष्ट कावसजी नावाच्या गाडीवानाची. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा हा मनुष्य टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापून त्याला सोडून देण्यात आले. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ कुंभारकीचा धंदा करणाऱ्या एका मनुष्याने त्याला नवे नाक बसविले, आणि वकिलातीचा डॉक्टर क्रूसो व त्याचा सहकारी फिंडले यांनी ती क्रिया समक्ष पाहिली. आधी मेणाचे नाक करून ते तुटलेल्या जागी नेमके बसते की नाही हे पाहिले गेले. मग ते मेण चपटे करून कपाळावर ठेवले, त्याच्या कडेने रेघ ओढली आणि तेवढी कातडी सोलून काढली, मात्र दोन्ही डोळ्यांच्या मध्ये तिचा एक अरुंद पट्टा जोडलेलाच राहू दिला, म्हणजे रक्ताचा पुरवठा तुटू नये. ती कातडी उलटवून खाली आणली, नाकाच्या जागी घेतलेल्या खाचेत तिची कड बसविली आणि पाण्यात कालवलेल्या काताच्या लेपाने ती चिकटविली. नाक धरले. वेल्सने कावसजीचे चित्र काढले, १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये हा वृत्तांत छापून आला, आणि वीस वर्षांनी, १८१४ मध्ये, कार्प्यू नावाच्या इंग्रज शस्त्रवैद्याने त्याच पद्धतीने लंडनमध्ये पहिली शस्त्रक्रिया केली. ज्या विद्येची परंपरा सुश्रुतापर्यंत पोहोचते आणि जी आपल्या दरबारातील शास्त्रीपंडितांच्या विचारातही त्या वेळी नव्हती, ती एका अनाम कारागिराच्या हातात जिवंत होती, आणि ती युरोपास कळली ती वकिलातीच्या जागरूकतेमुळे.

हाच प्रसंग दुसऱ्या बाजूने पाहिला म्हणजे मराठी राज्याच्या दुबळेपणाचे मूळ हाती लागते. पुण्याच्या कुंभाराची विद्या लंडनला कळली. लंडनची विद्या पुण्याला कळविणारा कोण होता? संगमावर बसून मॅलेटने मराठी राज्याची वंशावळ, जमाखर्च, फौज, लेणी, रोग आणि औषधे यांची टिपणे केली, पण कंपनी म्हणजे नेमकी काय चीज आहे, पार्लमेंट तिला कशी आवरते, तिच्या कर्जाचे आकडे किती, तोफा ओतण्याचे कारखाने कसे चालतात, हे विलायतेत राहून लिहून कळविणारा पेशव्यांचा एकही कायम वकील तेथे नव्हता. मराठ्यांच्या तर्फेने तेथे पहिला गेला तो हणमंतराव हा ब्राह्मण, आणि त्याला मणियार रतनजी या पारशी गृहस्थाबरोबर पाठविले होते ते पदच्युत रघुनाथरावाने, स्वतःच्या मतलबासाठी. १७८१ मध्ये ही मंडळी लंडनला पोहोचली. त्यांच्या सोवळ्या-ओवळ्यामुळे राहण्या-जेवण्याची जी पंचाईत झाली, तीतून प्रख्यात वक्ता एडमंड बर्क याने त्यांना आपल्या घरी नेऊन सोडविले. परत आल्यावर हणमंतरावास प्रायश्चित्त घ्यावे लागले. समुद्र ओलांडणे हे जेथे पाप, तेथे सात समुद्रांपलीकडून आलेल्या शत्रूचे घर पाहणार कोण? हिंगणे आणि काळे यांच्यासारखे कसलेले वकील ज्या राज्याने निर्माण केले, त्या राज्याला एकही वकील टेम्स नदीकाठी ठेवता येऊ नये, ही आपल्या इतिहासातील एक अत्यंत क्लेशकारक उणीव आहे. आणि ती साधनांची उणीव नव्हती, समाजाच्या बुद्धीने स्वतःला घालून घेतलेल्या कुंपणाची होती.

सवाई माधवरावांचा २७ ऑक्टोबर १७९५ रोजी अंत झाला. त्यानंतर गादीच्या वारशावरून पुण्यात जी कारस्थाने माजली, ती सारी मॅलेटने बारकाईने टिपून वरिष्ठांना कळविली. १७९७ मध्ये तो गेला आणि त्याच्या मागून कर्नल पामर आला. १३ मार्च १८०० रोजी नाना निवर्तले, तेव्हा त्यांच्याबरोबर मराठी राज्यातील सारे शहाणपण आणि संयम निघून गेला अशा अर्थाचे उद्गार याच पामरने लिहून कळविले. शत्रुपक्षाच्या वकिलाने दिलेली ही साक्ष आहे, आणि तिच्यात अतिशयोक्ती नाही, हे पुढच्या दोन वर्षांनीच दाखवून दिले. पामरच्या जागी बॅरी क्लोज आला. १८०२ च्या दिवाळीत, २५ ऑक्टोबरला, यशवंतराव होळकरांनी हडपसरच्या मैदानावर शिंदे आणि पेशवे यांच्या संयुक्त फौजेचा धुव्वा उडविला आणि पेशवा दुसरा बाजीराव पुणे सोडून पळाला. त्या धामधुमीत संगमाच्या वकिलातीला कोणी धक्का लावला नाही. यशवंतरावांनी क्लोजशी सभ्यतेने बोलणे चालविले व मध्यस्थीची इच्छाही दर्शविली. परंतु धनीच परक्याच्या गलबतात बसून वसईस पोहोचला होता. ३१ डिसेंबर १८०२ रोजी तेथे जो तह झाला, त्याने सहा हजारांची तैनाती फौज आणि तिच्या खर्चास सव्वीस लाखांचा मुलूख ही कलमे घातली, ती सर्वश्रुत आहेत. त्यांच्या शेजारीच एक कलम असे होते, की यापुढे पेशव्यांनी कंपनीला आधी कळविल्यावाचून आणि तिच्या सल्ल्यावाचून दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी बोलणे लावू नये. मुलखाचे कलम जखमेसारखे दिसणारे होते. हे कलम विषासारखे हळूहळू भिनणारे होते. वसईनंतर पुण्यात इंग्रजांचा वकील राहिला तो पाहुणा म्हणून राहिला नाही, पहारेकरी म्हणून राहिला.

१८११ मध्ये मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन संगमावर आला. तो विद्वान होता, फारसी आणि ग्रीक ग्रंथांचा व्यासंगी होता, काबूलच्या शहाकडे वकिलात नेऊन आलेला होता, आणि मराठ्यांविषयी त्याच्या मनात कुतूहलही होते. पण त्याचे कर्तव्य त्याच्या कुतूहलाच्या पुढे होते. दरबारातली खडानखडा बातमी त्याला मिळे, आणि ती देणाऱ्यांत बाळाजीपंत नातूंसारखे आपलेच लोक होते, ही गोष्ट उच्चारताना आजही मान खाली जाते. अशात १८१४ मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन हिशेबाच्या बोलण्यासाठी पुण्यास आले, ते इंग्रजांनी त्यांच्या जीविताची हमी घेतल्यावर. १८१५ च्या जुलैत, पंढरपुरास विठ्ठलाचे दर्शन घेऊन परतताना, त्यांचा खून झाला. बिभीषणाने रावणाच्या सभेत जो दंडक सांगितला, तो हिंदुपदपातशाहीचा वारसा सांगणाऱ्या दरबारात, आणि तोही पंढरीच्या क्षेत्रात, मोडला गेला! खुनाचा आळ बाजीरावाच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यांवर आला, त्यास इंग्रजांच्या स्वाधीन करावे लागले, ठाण्याच्या किल्ल्यातून तो पुढच्या वर्षी निसटला, आणि या सर्वांची किंमत बाजीरावाकडून वसूल करावयास एल्फिन्स्टनला आयतेच निमित्त मिळाले.

ती किंमत म्हणजे १३ जून १८१७ चा पुण्याचा तह. या तहाने बाजीरावाकडून मराठमंडळाचे आधिपत्य सोडवून घेतले, मुलूखही घेतला. आणि त्याचबरोबर हेही कबूल करून घेतले, की पेशव्यांनी कोणत्याही परदरबारी वकील ठेवू नये, कोणाचा वकील आपल्या दरबारी राहू देऊ नये, आणि जे काही बोलणे करावयाचे ते कंपनीच्या रेसिडेंटामार्फत करावे. महादेवभट हिंगणे दिल्लीस राहिले त्या दिवसापासून सुमारे शंभर वर्षे जी दौत्यपरंपरा चालत आली होती, ती एका सहीने संपुष्टात आली. ज्या राज्याचे कान आणि जीभ दोन्ही परक्याच्या हाती गेली, ते राज्य देहाने आणखी काही महिने वावरले इतकेच. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. त्या दुपारी एल्फिन्स्टन संगम सोडून नदीपलीकडे आपल्या फौजेस जाऊन मिळाला आणि मागोमाग मराठ्यांनी वकिलातीस आग लावली. त्याचे ग्रंथ, रोजनिशा, हस्तलिखिते सारी त्या आगीत गेली. लोकांच्या मनातील इतक्या वर्षांचा संताप त्या ज्वाळांत होता. पण तो प्रकट व्हावयास पंधरा वर्षांचा उशीर झाला होता. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले.

यानंतरचे एक प्रकरण सांगितल्यावाचून हा वृत्तांत पुरा होत नाही. साताऱ्याचे प्रतापसिंह छत्रपती १८३९ मध्ये पदच्युत झाले, तेव्हा त्यांचा पक्ष मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले आणि तेरा-चौदा वर्षे लंडनमध्ये राहिले. ते इंग्रजी शिकले, अर्ज छापले, सभा भरविल्या, कंपनीच्या भागीदारांपुढे व पार्लमेंटच्या सभासदांपुढे दाद मागितली. धनी काशीत निवर्तले, १८४८ मध्ये सातारा खालसा झाला, पैसा संपला, तरी त्यांनी चिकाटी सोडली नाही. नानांच्या वेळी टेम्सकाठी जो वकील असावयास हवा होता, तो अखेर तेथे पोहोचला तेव्हा त्याच्या पाठीशी फौज नव्हती, खजिना नव्हता, राज्यही नव्हते. होती ती निष्ठा आणि न्यायाची चाड. सत्तावनच्या धामधुमीत ते नाहीसे झाले. त्यांच्या बुद्धीचा आणि धैर्याचा मनुष्य साठ वर्षे आधी लंडनास पाठविला असता तर इतिहास पालटला असता असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. परंतु पुण्याच्या दरबाराने अंधारात चाचपडत जे निर्णय घेतले, ते निदान उजेडात घेतले गेले असते, एवढे निश्चित.

संगमावरच्या कचेरीतून गेलेली पत्रे कंपनीच्या दप्तरात सुरक्षित राहिली आणि सर जदुनाथ सरकार व रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३६ पासून त्यांचे खंड प्रसिद्ध होऊ लागले. मराठी वकिलांची पत्रे राजवाडे, खरे, पारसनीस यांनी वाड्यांच्या माळ्यांवरून आणि रुमालांतून शोधून काढली. दोन्ही शेजारी ठेवून वाचली म्हणजे हे कळून येते, की बुद्धीत, निरीक्षणात किंवा स्वामिनिष्ठेत आमचा वकील त्यांच्या वकिलाला हार जाणारा नव्हता. फरक होता तो पत्र पोहोचल्यानंतरचा. मॅलेट जाऊन पामर आला, पामर जाऊन क्लोज आला, तरी संगमावरचे दप्तर तेच राहिले आणि प्रत्येक नव्या वकिलाने आधीच्याचे ज्ञान वारशाने घेतले. आमच्याकडे नानांबरोबर नानांची बातमी गेली, कारण ती माणसाची होती, संस्थेची झाली नव्हती. आज स्वतंत्र भारताचे राजदूत जगाच्या राजधान्यांत बसले आहेत आणि समुद्र ओलांडण्याला कोणी प्रायश्चित्त सांगत नाही. पण परक्या देशाची भाषा, त्याचा हिशेब, त्याची विद्या आणि त्याच्या मनाचा कल यांचा अभ्यास पिढ्यानुपिढ्या साठवीत राहण्याची सवय ज्या राष्ट्राला लागत नाही, त्याची वकिलात कितीही दिमाखदार इमारतीत असली तरी ती शासनहराचीच राहते. निसृष्टार्थाची योग्यता तिला त्या अभ्यासानेच येते, आणि ज्यांच्या पूर्वजांनी या अभ्यासाच्या अभावी एक राज्य गमावले, त्यांच्यावर तरी तो करण्याची जबाबदारी इतरांहून अधिक आहे.